माझ्या नावानं

दुसऱ्यांदा मोजणी झाली तरी फरक एक्केचाळीसचाच राहिला. भानुदास झोरे, नऊशे बारा. मालन शेलार, म्हणजे मी, आठशे एकाहत्तर. मोजायला निवृत्त मुख्याध्यापक देवळेकर सरांना बोलावलं होतं, कारण ते पक्षाचे सभासद नव्हते. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि सही करायच्या आधी हळूच विचारलं, तिसऱ्यांदा मोजायचंय का? मी नको म्हणाले आणि सही केली.

हार एकच आणला होता. तो मी उचलला, भानुदासच्या गळ्यात घातला आणि त्याचा हात धरून वर केला. शाळेच्या त्या हॉलमध्ये दीडशेएक माणसं असतील. मागच्या निम्म्या हॉलमधून टाळ्या आल्या. पुढच्या दोन रांगांतली माणसं गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. पहिल्या रांगेच्या मधोमध दत्तूनाना सपकाळ होते. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोरीला सासरी काहीतरी बोल लागले की बाप बघतो तसं बघत होते.

आमचा पक्ष म्हणजे धरणग्रस्तांची संघटना. जांभळीच्या धरणात अकरा गावं गेली, त्या गावांनी पुनर्वसनासाठी दहा वर्षं मोर्चे काढले आणि त्यातूनच पुढं पक्ष झाला. विधानसभेला आम्ही दोनदा उभे राहिलो आणि दोन्ही वेळा आपसातल्या भांडणानं पडलो. एकदा दोघांनी अर्ज भरले. दुसऱ्यांदा एकानं भरला आणि बाकीचे घरी बसले. दोन्ही वेळा साखर कारखान्याचा माणूस फार घाम न गाळता निवडून आला. म्हणून तिसऱ्या वेळी ठरवलं की उमेदवार बंद खोलीत ठरवायचा नाही, सभासदांनी मत टाकून ठरवायचा आणि जो हरेल त्यानं जिंकलेल्याचा प्रचार करायचा. ही कल्पना माझीच होती. ठराव मी लिहिला होता, आणि नानांनी सगळ्यांत आधी त्यावर सही केली होती.

तेव्हा मी निवडून येणार असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

नाना म्हणजे आमच्या अकरा गावांचे पुढारी. गाव उठलं त्या वर्षी माझे मालक काविळीनं गेले. मी सव्वीस वर्षांची, पदरात दोन मुली, सासरच्यांनी हात झटकलेले. नवीन वसाहतीत पत्र्याची खोली मला नानांनी मिळवून दिली. बालवाडीचं काम त्यांनीच मिळवून दिलं. पहिल्या मोर्चात मला पुढं उभं केलं आणि माइक हातात दिला तोही त्यांनीच. पुढच्या वीस वर्षांत मी जी काही झाले, त्याच्या पहिल्या पायरीवर नाना होते.

आणि भानुदास भैरीच्या धनगरवाड्यावरचा. वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर, रस्ता नाही, वीज नाही, म्हशी पाळून तूप विकणारी पंधरा-वीस घरं. तिथून खाली उतरून शिकलेला तो पहिलाच. वकील झाला आणि तालुक्याच्या कोर्टात बसून धरणग्रस्तांच्या जमिनीच्या केसेस लढू लागला. नानांना बदली जमीन मिळाली होती ती कागदावरच. प्रत्यक्षात दुसराच माणूस ती कसत होता. भानुदासनं सात वर्षं केस चालवून ती जमीन नानांच्या ताब्यात आणून दिली. मला तो ताई म्हणायचा. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान.

हरल्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. घरी जाऊन मी सगळी भांडी पुन्हा घासून काढली, स्वच्छ होती तरी. पण शब्द दिला होता, ठराव माझ्या अक्षरातला होता, आणि तिसऱ्यांदा पडलो तर पक्ष संपणार हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या ओसरीवर गेले.

नानांनी मला बोलू दिलंच नाही. म्हणाले, तुझ्यावर अन्याय झाला. धनगरवाड्यांवरचे सभासद शेवटच्या महिन्यात नोंदवले, ती मतं धरायलाच नको होती. मी सांगितलं की वही मी स्वतः तपासली आहे, नोंदणी मुदतीतली आहे, आणि आपल्या गावांतले दोनशे सभासदही त्याच महिन्यात नोंदवलेत.  मग नाना म्हणाले, गुरुवारी अर्ज भरायची शेवटची तारीख आहे, तू अपक्ष भर, अकरा गावं तुझ्यामागं उभी करतो.

"नाना, ठरावावर पहिली सही तुमची आहे," मी म्हणाले.

"हाय की."

"मग गुरुवारी भानुदासचा अर्ज भरायला यायचं. पुढं चालायचं. खालच्या खोऱ्यातल्या बबनलाही आणायचं."

नाना हसले. "तू म्हणशील तसं," म्हणाले.

ते खरंच आले. फेटा बांधून आले, मिरवणुकीत पुढं चालले, भानुदासच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मला वाटलं, झालं. एवढ्यात झालं म्हणून मी मनातून सुखावलेही.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि भानुदास जीपनं गावं घ्यायला लागलो. पहिला मुक्काम बबन सुर्वेकडं. बबन खालच्या खोऱ्यातला, दूध संघाचा चेअरमन. त्याच्या शब्दावर आठ गावं चालत होती. त्यानं खुर्च्या टाकल्या, पोहे केले, आग्रह केला. मी त्याला समजावत होते की दोनदा आपण आपल्याच हातानं पडलो, या वेळी एकदिलानं काम केलं तर कारखान्याला पाडता येईल. बबन प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. निघताना भानुदास जीपकडं गेला तसा बबन माझ्या जवळ आला.

"ताई, तुमचं मन मोठं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण आम्हाला कळतं सगळं. तुम्ही निश्चिंत राहा."

"काय कळतं?"

तो नुसता हसला आणि नमस्कार करून आत गेला.

त्या हसण्याचा अर्थ कळायला मला दोन आठवडे लागले. कारण ते हसणं मला मग सगळीकडं भेटायला लागलं. काळोलीच्या सरपंचाकडं भेटलं, महिला मंडळाच्या बैठकीत भेटलं, चहाच्या टपरीवर भेटलं. मी घसा फोडून सांगायची की भानुदास म्हणजेच मी समजा, आणि समोरची माणसं समजूतदारपणे मान हलवायची. एकानं तर मला शाबासकी दिली. म्हणाला, ताई, बोलता मात्र अगदी खऱ्यासारखं.

मी वैतागले. पत्रक काढलं, खाली माझी सही छापली. त्यात लिहिलं की माझ्यावर कुठलाही अन्याय झालेला नाही, मी भानुदासला मत देणार आहे, तुम्हीही द्या. पत्रक वाचून लोक म्हणाले, पक्षानं ताईंकडून लिहून घेतलं. मग मी मारुतीच्या देवळात सभा घेतली आणि गाभाऱ्याकडं तोंड करून शपथ घेतली. तर दुसऱ्या दिवशी गावात बोलणं असं की बिचारीला शपथसुद्धा घ्यायला लावली. मी जितकं जास्त सांगत होते तितकं माझं खरं मत वेगळं आहे अशी त्यांची खात्री पटत होती. एका दुपारी जीपमध्ये बसल्या बसल्या मला रडू फुटलं. भानुदास गाडी चालवत होता. त्यानं गाडी कडेला घेतली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि खाली उतरून रस्त्याच्या पलीकडं पाठमोरा उभा राहिला, माझं रडणं थांबेपर्यंत. मग काही न विचारता पुन्हा गाडी सुरू केली.

मतदानाला आठ दिवस राहिले असताना मी एकटीच चंद्राक्काकडं गेले. चंद्राक्का आमच्या वसाहतीतल्या बायकांची पुढारी, मोर्चात माझ्या शेजारी लाठी खाल्लेली. तिच्याकडं तरी आडपडदा नसणार असं मला वाटलं. ती भाकरी थापत होती. मी बोलायला सुरुवात केली तशी तिनं मला मध्येच थांबवलं.

"आगं, मला कशाला सांगतीस? तुझा निरोप पोचलाय की."

"कसला निरोप?"

"आता माझ्यापुढं बी सोंग?" ती हसली. पण मी हसत नाही हे पाहून तिचा हात परातीतच थांबला. मग तिनं निरोप सांगितला. मालननं तोंडानं काही सांगितलं तरी ऐकून घ्यायचं, समोर हो म्हणायचं, आणि बटण कारखान्याचं दाबायचं. हा धनगराचा पोरगा एकदा आपटला की पुढल्या वेळी तिकीट मालनचंच. मालनचं स्वतःचं तसं म्हणणं आहे, तिला उघड बोलता येत नाही म्हणून निरोप धाडलाय.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"नानांनी. आनि कोन सांगणार?" ती म्हणाली. "अकरा गावांत त्यांनीच तर पोचवलंय. खालच्या बाजूला बबन."

मी तशीच उठले आणि नानांकडं गेले. चढत्या उन्हाची वेळ होती. नाना ओसरीवर एकटेच सुपारी कातरत बसले होते. मी बसले नाही.

"नाना, माझ्या नावानं निरोप कुणी धाडला?"

त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "बस आधी."

मी उभीच राहिले. नाना म्हणाले, लोकांचं तुझ्यावर प्रेम आहे. मी म्हणाले, प्रेम असतं तर माझं ऐकलं असतं. तुमचंच ऐकतायत, फक्त माझ्या नावानं. मग मी जमिनीचं काढलं. भानुदासनं तुमच्यासाठी सात वर्षं कोर्टात हेलपाटे घातले, हे मी त्यांना तोंडावर म्हणाले.

"घातले," नाना म्हणाले. "मी कुठं न्हाय म्हणतोय? वकील म्हणून चांगलाच हाय. ऱ्हाऊ दे की वकील."

"मग आमदार म्हणून काय वाईट आहे?"

 नाना ओसरीच्या पायरीकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याचा बा लखू तुपाचा डबा घेऊन येतो न्हवं, तर हितं बसतो. पायरीवर. वर ये म्हणलं तरी येत न्हाय. त्याच्या बापाचा बा बी हितंच बसायचा. आता उद्या ह्याची आमदारकीची गाडी माझ्या दारात येणार. मग मी काय करायचं, मालन? उठून हुभं ऱ्हायचं?"

"राहायचं. हॉलमध्ये मी राहिले."

"तू ऱ्हाशील. तुझं येगळं."

"माझं काय वेगळं आहे? आणि मी निवडून आले असते तर? मग उठला असता?"

यावर नाना मोकळेपणानं हसले. त्या हसण्यात जराही वाईट हेतू नव्हता, ते मला आजही माहीत आहे. "तुझ्यासाठी कशाला उठाय लागतंय?" ते म्हणाले. "तू घरची पोर. तू गेली असतीस, सह्या केल्या असत्यास, बाकीचं सगळं आमी बघितलं असतं. तुला एकटीला कुठं झेपणार हुतं ते?"

 वीस वर्षांत त्या ओसरीवर मी शेकडो वेळा बसले होते, मोर्चे ठरवले होते, भांडले होते. त्या आठशे एकाहत्तर मतांतली कितीतरी मतं या ओसरीवरून गेली होती. ती माझ्यासाठी होती असं मी धरून चालले होते.

नानांनी मला चहा घेऊन जा म्हटलं. मी घेतला नाही. निघताना मी एवढंच म्हणाले की शनिवारच्या सभेत मी हे सगळं माइकवर सांगणार. नाना म्हणाले, "सांग की. तुला कोण अडवतंय?"

शनिवारी तालुक्याला बाजार असतो. प्रचाराची शेवटची मोठी सभा बाजारपट्ट्यात दुपारी चार वाजता होती. अकरा गावं, खालचं खोरं, धनगरवाडे, सगळीकडून माणसं आली होती. तीन-साडेतीन हजार तरी असतील. काय बोलायचं ते मी दोन दिवस घोकत होते. वाक्यं साधीच होती. माझ्या नावानं निरोप फिरतोय. तो खोटा आहे. तो दत्तूनाना सपकाळांनी आणि बबन सुर्व्यांनी पाठवलाय. भानुदास धनगराचा आहे म्हणून पाठवलाय. एवढं बोलून खाली बसायचं.

स्टेजवर नाना माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. पलीकडं बबन, मग भानुदास. माझं नाव पुकारलं आणि मी उठले. प्रचारानं माझा आवाज पार बसला होता. नानांनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला उचलून माझ्या हातात दिला.

"आधी पानी पी," ते म्हणाले. "घसा गेलाय तुझा."

मी पाणी प्यायले. पेला त्यांनी परत घेतला. मग मी माइकपाशी गेले.

"माझ्या नावानं काही लोक अफवा पसरवतायत," मी म्हणाले. एवढं बोलले आणि थांबले. समोर चंद्राक्का होती, काळोलीचा सरपंच होता, आमच्या वसाहतीतली सगळी घरं होती. उजव्या हाताला कडेनं घोंगडी पांघरलेली धनगरवाड्यावरची माणसं उभी होती. पुढचं वाक्य तयार होतं. नाव घ्यायचं होतं. माझ्या पाठीमागं दोन हातांवर नाना बसले होते, आणि मला फक्त त्यांनी दिलेल्या पाण्याची चव लागत होती.

"त्या अफवांवर विश्वास ठेवू नका," मी म्हणाले. "भानुदासला मत म्हणजे मला मत."

पहिली टाळी नानांनी वाजवली. काळोलीचा सरपंच शेजाऱ्याकडं बघून हसला. तेच हसणं. मी आणखी पाच-सात मिनिटं बोलले, पक्षाच्या शिस्तीवर, एकजुटीवर, कारखान्यावर. ते भाषण चांगलं झालं असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. खुर्चीकडं परतताना भानुदासनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

तेराशे साठ मतांनी तो पडला. मोजणीच्या दिवशी तो टेबलाशी उभा राहून गाववार आकडे लिहून घेत होता. धनगरवाड्यांवर शंभरातली पंचाण्णव मतं त्याला होती. खालच्या खोऱ्यात निम्मी. आमच्या अकरा गावांत, जिथं मी दारोदार फिरले होते, तिथं तीनातली दोन मतं कारखान्याला गेली होती. त्यानं बेरीज केली, पुन्हा एकदा केली, कागदाची घडी घातली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "ताई, जेवलात का?"

पुढच्या पाच वर्षांत तो पक्षाच्या एकाही बैठकीला आला नाही. धरणग्रस्तांच्या केसेस मात्र चालवत राहिला, अकरा गावांच्यासुद्धा. पुढची निवडणूक आली तेव्हा सभासदांचं मतदान घ्यायचा विषयही कुणी काढला नाही. दहा मिनिटांत उमेदवार ठरला. नानांनी माझं नाव सुचवलं, बबननं अनुमोदन दिलं, पुढच्या दोन्ही रांगांनी टाळ्या वाजवल्या. इतकी एकजूट मी त्या पक्षात कधी पाहिली नव्हती. मी नको म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी तब्येतीचं सांगितलं. त्यांनी बबनच्या पुतण्याला उभं केलं आणि तो पडला. नंतर पक्षही राहिला नाही.

पण एक सांगायचं राहिलं, आणि ते त्या पहिल्या निकालानंतरच्या आठवड्यातलं आहे.

मला झोप लागत नव्हती. बुधवारी सकाळी उठले आणि भैरीच्या वाड्यावर जायला निघाले. वसाहतीपासून दोन तासांचा चढ. प्रचारात भानुदास एकटाच तिथं जाऊन आला होता. वरची मतं नक्की आहेत, वेळ खालच्या गावांना द्या, असं मीच ठरवलं होतं. वीस वर्षांच्या कामात मी तिथं एकदाही गेले नव्हते, हे मला चढताना लक्षात आलं.

भानुदास कोर्टात गेला होता. त्याचा बाप लखू झोरे गोठ्यापुढं बसून दावं वळत होता. मला पाहून तो उठला, घोंगडं झटकून अंथरलं आणि सुनेला ताक आणायला सांगितलं. मी आलेय हे कळून आजूबाजूच्या घरांतली माणसं जमली. पंधरा-वीस असतील, म्हातारी माणसं, बायका, म्हशी सोडायला निघालेले दोघंतिघं. सगळे माझ्यापुढं जमिनीवर बसले.

आणि मी बोलले. सभेत बोलायचं होतं ते सगळं बोलले, त्याच क्रमानं. निरोप कुणी धाडला, कुठल्या गावात कुणी पोचवला, बबननं काय केलं. नाना ओसरीवर काय म्हणाले तेही सांगितलं, पायरीचंसुद्धा. लखू समोर असताना सांगितलं. बोलताना माझा आवाज अजिबात अडखळला नाही. शेवटी मी म्हणाले की त्या दिवशी माइकवर मी नाव घ्यायला हवं होतं, मी घेतलं नाही, त्याची माफी मागायला आलेय.

 कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. मागं एका घरात ताक घुसळल्याचा आवाज येत होता, तो मधे थांबला नव्हता. लखू दाव्याचा पीळ बोटांत धरून तसाच बसला होता.

"हे आमाला ठावं हाय, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "दत्तूबाच्या पायरीवर मीच बसतो न्हवं? तुमी हे खाली बोलायचं हुतं."

मी मान हलवली.

"खाली लोकं हुती," तो म्हणाला.

मग त्यानं सुनेला हाक मारली आणि माझा पेला रिकामा झालाय, त्यात आणखी ताक घाल, असं सांगितलं.